प्रतीक झालेली तुतारी आणि पुसला गेलेला वादक

१

मराठी समीक्षेला तुतारी ठाऊक आहे. तुतारी फुंकणारा ठाऊक नाही. केशवसुतांनी 'तुतारी' लिहिली ती १८९३मध्ये. तेव्हापासून या कवितेवर झालेल्या लेखनात बंडखोरी आहे, सुधारणावाद आहे, समतेचा पुकारा आहे, इंग्रजी रोमँटिक कवितेशी असलेले नाते आहे. बहुधा नसते ते वाद्य. तुतारी तांब्या-पितळेची असते, तिला बोटांनी झाकायची छिद्रे नसतात, तिच्यातून मोजकेच स्वर निघतात आणि ते सर्वस्वी ओठांच्या ताणावर व छातीच्या दमावर अवलंबून असतात, या गोष्टी कवितेच्या आकलनाला अप्रस्तुत मानल्या गेल्या. त्याहून महत्त्वाचा प्रश्नही बाजूला राहिला. कवितेतला वक्ता तुतारी आणून मागतो; म्हणजे ती त्याच्याजवळ नाही. ज्याच्याजवळ ती होती तो गुरव, घडशी, होलार किंवा मांग वादक गावच्या वाजंत्र्यांत पिढ्यानपिढ्या उभा होता. प्रतीक उचलले गेले. ते वाद्य धरणारा हात मागेच राहिला.

दोष कवितेचा नाही. वाद्याचे प्रतीक करणे हा कवितेचा अधिकारच आहे. दोष आहे तो प्रतीकापाशी पोहोचले की अर्थ संपला असे मानणाऱ्या वाचनपद्धतीचा. ही सवय इतकी मुरलेली आहे की लोककलेविषयी, चित्रपटसंगीताविषयी, पाश्चात्त्य संगीताविषयी बोलतानाही ती सुटत नाही. वादक समोर आला की समीक्षा त्याच्यातून आरपार पाहते आणि पलीकडे कोणी संगीतकार, कोणती परंपरा, कोणती 'लोकप्रतिभा' उभी आहे याचा शोध घेऊ लागते. मधला माणूस काच होऊन जातो.

भाषेतल्या या निष्काळजीपणाचे एक विलक्षण उदाहरण अलीकडच्या राजकारणाने पुरवले. फेब्रुवारी २०२४मध्ये निवडणूक आयोगाने राष्ट्रवादी काँग्रेसच्या शरदचंद्र पवार गटाला 'तुतारी वाजवणारा माणूस' हे चिन्ह दिले. त्याच वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत अपक्षांसाठी उपलब्ध असलेल्या 'ट्रम्पेट' या चिन्हाचे मराठी नावही 'तुतारी' असेच छापले गेले. मतदारांचा गोंधळ झाला, असा आक्षेप त्या पक्षाने घेतला. साताऱ्यात ट्रम्पेट चिन्हाच्या उमेदवाराला ३७ हजारांवर मते पडली आणि पक्षाचा पराभव सुमारे ३३ हजारांनी झाला, हे आकडे त्या आक्षेपासाठी पुढे केले गेले. मते कशामुळे वळली याचा निवाडा राजकीय अभ्यासकांनी करावा. समीक्षेने पाहायचे ते एवढेच की वाकड्या शिंगाला आणि तीन व्हॉल्व्हच्या पितळी वाद्याला एकच नाव देऊन मराठी भाषा निश्चिंत राहिली होती. शिवाय एक बारीक पण बोचरी गोष्ट अशी, की त्या निवडणूक चिन्हात निदान 'माणूस' होता. समीक्षेच्या चिन्हव्यवस्थेत तोही नाही.

२

ज्या वादकाच्या उदाहरणावर हा वाद उभा करता येतो तो मराठी श्रोत्याला परका नाही. त्याचे वादन त्याने असंख्य वेळा ऐकले आहे. अँटोनियो झेवियर वाझ १९१६मध्ये गोव्यातल्या हळदोण्यात जन्मला. मुंबईत तो चिक चॉकलेट या नावाने गाजला, 'भारताचा लुई आर्मस्ट्राँग' म्हणवला गेला, ताजमहाल हॉटेलात त्याचा वाद्यवृंद वाजत असे. रात्री जॅझ आणि दिवसा चित्रपटाचे रेकॉर्डिंग, असा त्या पिढीतल्या अनेक गोमंतकीय वादकांचा दिनक्रम होता. चिक सी. रामचंद्र यांचा सहायक झाला. सी. रामचंद्र म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर. जन्म १९१८चा, गोदाकाठच्या पुणतांब्याचा. हळदोणे आणि पुणतांबे या दोन गावांची गाठ मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहात पडली आणि भगवानदादांच्या 'अलबेला'चे (१९५१) संगीत त्या गाठीतून आले. त्या चित्रपटात चिक आणि त्याचे वादक पडद्यावरही दिसतात. चिक १९६७मध्ये वारला.

या सहकार्याचे वर्णन मराठीत एका ठरावीक वाक्याने होते: 'सी. रामचंद्रांनी देशी चालींना पाश्चात्त्य साज चढवला.' या वाक्यातल्या 'साज' या शब्दाकडे थांबून पाहिले पाहिजे. साज अंगावर चढतो आणि उतरवताही येतो. चाल हे शरीर, ट्रम्पेट हा दागिना. चाल आपली, दागिना उसना. चाल रचणारा कलावंत, दागिना वाजवणारा कारागीर, अशी संपूर्ण श्रेणी त्या एका रूपकात गृहीत धरलेली आहे. गंमत अशी की कवितेच्या बाबतीत ही उपपत्ती मराठी समीक्षेने केव्हाच टाकून दिली. अलंकार हा कवितेला बाहेरून घातलेला दागिना आहे, हे मत आज पदव्युत्तर वर्गातला कोणताही विद्यार्थी खोडून काढील. मर्ढेकरांच्या सौंदर्यविचाराने आणि त्यावरच्या दीर्घ वादांनी आशय आणि घाट वेगळे सोलून काढता येत नाहीत, ही समज रुजवली. मग चालीचा आशय आणि वाद्यमेळाचा घाट वेगळा काढण्याची मुभा समीक्षेने स्वतःला कशी दिली? कवितेसाठी एक सौंदर्यशास्त्र आणि वादकासाठी दुसरे, असा हा दुटप्पी व्यवहार आहे.

प्रत्यक्षात काय घडत असे? संगीतकार पेटीवर वा गळ्याने चाल सांगे. ती स्वरलिपीत उतरवणे, तिच्यासाठी स्वरसंवाद ठरवणे, दोन ओळींच्या मधल्या जागा भरणे, कोणत्या वाद्याने कोठे उत्तर द्यायचे हे लिहून काढणे, ही कामे सहायक आणि संयोजक करीत. ग्रेगरी बूथ यांच्या 'बिहाइंड द कर्टन' (२००८) या ग्रंथात मुंबईच्या वादकांच्या कथनांवरून हा सगळा व्यवहार नोंदला आहे. गाणे आठवताना श्रोत्याला शब्दांइकाच मधल्या संगीताचा तुकडा आठवतो. पुष्कळदा तोच आधी आठवतो. त्या तुकड्याचे कर्तृत्व कोणाचे, हा प्रश्न श्रेयनामावलीने टाळला आणि समीक्षेने श्रेयनामावलीलाच पुरावा मानले. कर्त्याच्या मृत्यूची घोषणा करणारा रोलाँ बार्थ ज्या वर्गांत शिकवला जातो, त्याच वर्गांत चित्रपटगीताचा कर्ता मात्र एकटा, अखंड आणि अमर राहिला आहे.

३

'लोकप्रेरित' हा आजचा आवडता शब्द. त्याच्या मागे दोन गृहीतके असतात: लोकगीत अनामिक असते आणि ते कच्चा माल असते. कोणी तरी त्यातून 'प्रेरणा' घेतो आणि पक्का माल करतो. ही दोन्ही गृहीतके एका उदाहरणाने डळमळतात.

'बॉबी' (१९७३) या चित्रपटातील एका लोकप्रिय गाण्याचा उगम गोव्यातल्या देखणीत आहे. पैलतीरी लग्नाला जायचे म्हणून नावाड्याला विनवणाऱ्या कलावंतिणीचे ते कोंकणी गीत. हे गीत 'गोव्याचे लोकगीत' म्हणून सर्वत्र ओळखले जाते. पण त्याला रचनाकार आहे: कार्लुस एउजेनियु फेरैरा. ते १८९५मध्ये पॅरिसमध्ये आणि १९२६मध्ये गोव्यात छापलेही गेले. म्हणजे ज्याला समीक्षा 'लोक' म्हणते तो येथे एक नाव असलेला, स्वरलिपी जाणणारा, छापखान्यापर्यंत गेलेला माणूस आहे. गीत लोकांचे झाले हे खरे. परंतु ते लोकांचे होण्यासाठी कर्त्याचे नाव पुसले जाणे आवश्यक आहे, हा नियम कोणी केला? संत नामदेवांचा अभंग लोकांच्या ओठी गेला म्हणून कोणी तो अनामिक ठरवला नाही.

या टप्प्यावर देशीवादाचा विचार टाळता येत नाही. भालचंद्र नेमाडे यांनी औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात आणि पुढे गोवा विद्यापीठात अध्यापन केले. ट्रम्पेटच्या प्रश्नाची दोन्ही टोके त्यांच्या वाटेवर होती, असे म्हणता येईल. त्यांच्या मांडणीत परकीय प्रभावाला मज्जाव नाही. तो या मातीत रुजतो का, हा तिचा प्रश्न आहे. पण चर्चासत्रांत जी सुलभ आवृत्ती चालते तिने रुजण्याची प्रक्रिया सोडून दिली आणि उगमाची चौकशी तेवढी ठेवली. या आवृत्तीत हलगी देशी आणि ट्रम्पेट विदेशी. एवढ्यावर न्याय संपतो. हीच कसोटी सातत्याने लावायची तर पेटी, व्हायोलिन आणि क्लॅरिनेट यांना मराठी नाट्यसंगीतातून आणि मैफलीतून हद्दपार करावे लागेल. तसे कोणी करीत नाही. कारण पेटी मध्यमवर्गीय दिवाणखान्यात आली, ट्रम्पेट मात्र रस्त्यावरच्या वरातीत आणि हॉटेलातल्या नाचात राहिला. उगमाची भाषा बोलत येथे प्रत्यक्षात वर्गाचा निवाडा होत असतो.

अशोक दा. रानडे यांनी लोकसंगीत, कलासंगीत, जनसंगीत या कोटी वेगळ्या मानल्या आणि त्यांमधली येजाही दाखवली. साहित्यसमीक्षेने त्यांतल्या कोटी तेवढ्या उचलल्या, येजा वगळली. ती येजा कोण करतो? कोटी स्वतः चालत नाहीत, वादक चालतो. फ्रँक फर्नांड हा कुडचड्यात १९१९मध्ये जन्मलेला ट्रम्पेटवादक जॅझच्या वाद्यवृंदांतून हिंदी चित्रपटांत आला आणि पुढे 'आमचें नशीब' (१९६३) व 'निर्मोण' (१९६६) या कोंकणी चित्रपटांचा निर्माता झाला. विदेशी मानलेल्या वाद्याचा वादक आपल्या बोलीपर्यंत गेला आणि त्यासाठी पदरमोड करायला तयार झाला. 'मुळाकडे परतणे' या आवडत्या सूत्रात हे बसवण्याचा मोह होईल. पण तो मुळापासून कधी दूर गेला होता? ट्रम्पेट हातात घेतला की माणूस आपली भाषा विसरतो, हे समीक्षेचे गृहीतक आहे, त्याचा अनुभव नव्हे.

४

आता दुसऱ्या टोकाकडे, म्हणजे बरोक संगीताकडे, वळणे आवश्यक आहे. कारण लोकसंगीताच्या बाबतीत वादकाला 'उसना दागिना' ठरवणारी समीक्षा अभिजात पाश्चात्त्य संगीताच्या बाबतीत त्याला 'लिहिलेले वाचून दाखवणारा' ठरवते. एकीकडे तो परका म्हणून कर्ता नाही, दुसरीकडे तो आज्ञाधारक म्हणून कर्ता नाही. दोन्हीकडून कर्तृत्व काढून घेण्याची ही किमया वाद्याच्या प्रत्यक्ष ज्ञानापुढे टिकत नाही.

बाख आणि हँडेल यांच्या काळातल्या ट्रम्पेटला व्हॉल्व्ह नव्हते. जर्मनीत व्हॉल्व्हचे पेटंट घेतले गेले ते १८१८मध्ये. बरोक ट्रम्पेट ही गुंडाळलेली लांब नळी. आजच्या ट्रम्पेटची नळी सुमारे दीड मीटर, तर त्या काळच्या 'डी' स्वराच्या ट्रम्पेटची सव्वादोन मीटरच्या आसपास. अशा नळीतून निसर्गतः जी स्वरांची माळ निघते तेवढेच स्वर वादकाला उपलब्ध. खालच्या भागात ते एकमेकांपासून दूर, वरच्या भागात जवळजवळ; म्हणून सलग चाल वाजवायची तर उंच स्वरांच्या अवघड प्रदेशात चढावे लागे. त्या माळेतले अकरावे व तेरावे स्वर नेहमीच्या सप्तकात नीट बसत नाहीत. ते ओठांनी वाकवून जागेवर आणावे लागतात. स्वरलिपीत यातले काहीच लिहिलेले नसते. कागदावरचा स्वर बरोबर असतो, नळीतला चुकीचा. आणि दोहोंमधले अंतर वादकाच्या ओठांवर मिटते.

हे वर्णन वाचताना तुतारी आठवली पाहिजे. तीही व्हॉल्व्हविना, तीही निसर्गदत्त स्वरमाळेवर चालणारी, तीही ओठ आणि दम यांच्या जोरावर बोलणारी. ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने बाखच्या वादकाच्या हातातले वाद्य आधुनिक ट्रम्पेटपेक्षा तुतारीला अधिक जवळचे आहे. निवडणुकीच्या यादीतला घोटाळा निराळ्या अर्थाने एक सत्य सांगून गेला: चुकीच्या ट्रम्पेटला तुतारी म्हटले गेले, जुन्या ट्रम्पेटला म्हटले असते तर ते फारसे चुकले नसते. आकार, स्वरांची व्याप्ती आणि योजना यांत दोघांत मोठे अंतर आहे. परंतु एकीकडे 'आदिम आरोळी' आणि दुसरीकडे 'उच्च कला' अशी जी दरी कल्पिली जाते ती वाद्याच्या देहात नाही. ती ऐकणाऱ्याने आणलेली आहे.

वाद्याबरोबर वादकाचे सामाजिक स्थानही पाहावे. बाख लाइपझिगमध्ये असताना त्याच्या अवघड रचना वाजवणारा गॉटफ्रीड राइखे हा नगरपालिकेच्या वादकांचा प्रमुख होता. या नगरवादकांची मिळकत नगरसेवेच्या जोडीला लग्नात वाजवण्याच्या हक्कावर चाले, आणि तो हक्क ते इतर वाजंत्र्यांपासून निकराने जपत. म्हणजे ज्या वादनाला आज सभागृहात श्वास रोखून ऐकले जाते, ते वाजवणारा माणूस त्या काळचा लग्नातला वाजंत्री होता. राजाच्या गौरवार्थ झालेल्या रात्रीच्या वादनानंतर दुसऱ्या दिवशी, ६ ऑक्टोबर १७३४ रोजी, राइखे वारला. वादनाचे श्रम आणि मशालींचा धूर यांना त्याचा मृत्यू जोडला गेला. हे ठाऊक आहे, कारण त्या शहराने त्याची नोंद ठेवली आणि चित्रकाराने त्याचे वाद्यासह चित्र काढले. महाराष्ट्रातल्या कोणत्या शहराने आपल्या तुतारीवादकाची अशी नोंद ठेवली?

शिवाय बरोक संहिता ही अपूर्ण संहिता आहे. साथीच्या वाद्याला खालचा स्वर आणि काही आकडे दिलेले. वरची भर वादकाने घालायची. संथ चालींतली स्वरांची नक्षी वादकावर सोपवलेली. म्हणजे त्या संगीताचा कर्ता वादकाला गृहीत धरूनच लिहितो. बाखच्या दुसऱ्या ब्रँडेनबुर्ग कन्चेर्टोत (अर्पणपत्रिका १७२१ची) ट्रम्पेटच्या जोडीला बासरीवर्गातले मृदू वाद्य, ओबो आणि व्हायोलिन आहेत. येथे ट्रम्पेटला गर्जून चालत नाही. त्याला बासरीशी संवाद करावा लागतो, आणि मधल्या संथ भागात तर तो पूर्ण गप्प असतो. ज्यांनी तुतारी म्हणजे आरोळी एवढेच समीकरण पाठ केले आहे त्यांनी हे मौन जरूर ऐकावे.

यावर असे म्हटले जाईल की बरोक वादनात 'अस्सलते'चा आग्रह असतो. तेथे वादकाला स्वातंत्र्य कोठे? या आग्रहाची तपासणी रिचर्ड तारुस्किन यांनी 'टेक्स्ट अँड अ‍ॅक्ट' (१९९५) मध्ये केली आहे. इतिहासनिष्ठ म्हणवणारे वादन बऱ्याच अंशी विसाव्या शतकाची आधुनिक अभिरुचीच भूतकाळावर प्रक्षेपित करते, असा त्यांचा युक्तिवाद. ट्रम्पेट त्याचा उत्तम साक्षीदार आहे. आज 'बरोक ट्रम्पेट' म्हणून वाजवल्या जाणाऱ्या अनेक वाद्यांना बिनसुरे स्वर सावरण्यासाठी लहान छिद्रे पाडलेली असतात. ही युक्ती १९६०च्या सुमारास रूढ झाली, बाखच्या काळातली नव्हे. अस्सलता ही अशी घडवली जाते. महोत्सवाच्या रंगमंचावर फेटा बांधून उभा केलेला 'अस्सल' तुतारीवाला आणि छिद्रे पाडलेला 'अस्सल' बरोक ट्रम्पेट हे एकाच आधुनिक गरजेचे अपत्य आहेत. फरक इतकाच की ट्रम्पेटवादकाला छिद्रे ठेवायची की बुजवायची हे ठरवता येते; फेट्याच्या बाबतीत निर्णय आयोजकाचा असतो.

५

गोव्याचा वादक या दोन जगांच्या मध्ये चुकून सापडला नव्हता. चर्चला जोडलेल्या गावोगावच्या शाळांत स्वरवाचन, गायन आणि व्हायोलिन शिकवले जाई. तेथून निघालेली मुले मुंबईच्या हॉटेलांत, मूकपटांच्या वाद्यमेळांत, पोलिस व लष्करी बँडांत आणि अखेर ध्वनिमुद्रणगृहांत पोहोचली. बरोक शैलीची बाँ जेझूसची बासिलिका १६०५मध्ये पूर्ण झाली. ज्या प्रदेशात चारशे वर्षे ही वास्तू उभी आहे आणि तिच्या आत बहुस्वरी गायन होत आले आहे, त्या प्रदेशाच्या वादकाला बरोक परके, हे म्हणणे इतिहासाला धरून नाही.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला तर हे सांगण्याची गरज पडू नये. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६मध्ये राशोलला छापले गेले. इंग्लंडात जन्मलेला, युरोपीय बरोक युगाच्या प्रारंभीचा हा जेझुइट ओवीत लिहितो आणि मराठी वाङ्मयेतिहास त्याला आदराने आपला मानतो. आशय बाहेरचा, छंद येथला. तरीही कोणी 'ख्रिस्ती आशयाला ओवीचा साज चढवला' असे म्हणून स्टीफन्सला बाजूला करीत नाही. दोन परंपरांच्या संयोगातून तिसरे काही निर्माण झाले, हे तेथे मान्य होते. मग त्याच भूमीवर, तशाच संयोगातून आलेल्या वादकाच्या बाबतीत 'मिश्रण', 'संकर', 'नक्कल' हे शब्द का येतात? ग्रंथ छापील असतो आणि वादन विरून जाते, एवढेच कारण असेल तर ते समीक्षेच्या साधनांचे अपुरेपण आहे. त्याची शिक्षा वादकाला का?

६

छत्रपती संभाजीनगरात हा वाद घालण्याला विशेष कारण आहे. नावाचे मोल काय असते हे या शहराने पुस्तकातून शिकलेले नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात १९७८मध्ये झाला आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव विद्यापीठाला लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. मधल्या सोळा वर्षांत माणसे घरादाराला आणि जिवाला मुकली. कोणाचे नाव नोंदवायचे हा प्रश्न येथे शैलीचा प्रश्न मानता येत नाही. त्याच विद्यापीठाच्या मागच्या डोंगरात औरंगाबाद लेण्यांपैकी सातव्या लेण्यात एक नर्तकी कोरली आहे, आणि तिच्या भोवती वाद्ये घेऊन बसलेल्या सहा स्त्रिया आहेत. शिल्पकाराने नर्तकीइतकेच लक्ष त्यांच्या हातांकडे दिले. डोंगराच्या पायथ्याशी होणाऱ्या लोककलेवरच्या निबंधवाचनात मात्र नाच असतो, गीत असते, विधी असतो, हात नसतात.

या प्रश्नाला जातीची बाजू आहे आणि ती टाळून केलेली चर्चा निरर्थक आहे. गावगाड्यात वाजवणे ही कला मानली जात नव्हती. ते जातीवर लादलेले काम होते. नकार देण्याची मुभा नसलेल्या वादनाला 'लोकांचा सहजोद्गार' म्हणणे हा सौंदर्यशास्त्राचा पोशाख घातलेला अन्याय आहे. छावण्यांतल्या आणि संस्थानांतल्या लष्करी बँडांच्या धर्तीवर एकोणिसाव्या शतकापासून खासगी बँडपार्ट्या उभ्या राहिल्या. तेथे गणवेश आला, रोख सुपारी आली, कोणाकडे वाजवायचे आणि किती घ्यायचे हे ठरवण्याची थोडी तरी मोकळीक आली. बूथ यांच्याच 'ब्रास बाजा' (२००५) या ग्रंथात भारतीय बँडवादकांचे कष्ट आणि त्यांना मिळणारी अवहेलना दोन्ही नोंदलेली आहेत. बँड म्हणजे मुक्ती, असा भोळा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. तरीही बलुत्याकडून सुपारीकडे येणे हा एक निर्णय होता. 'बँडने सनई-तुतारी मारली' अशी हळहळ व्यक्त करणाऱ्या समीक्षकाने एवढे विचारावे, की त्या परंपरेत राहण्याची सक्ती कोणावर होती आणि हळहळण्याची सोय कोणाला आहे.

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो. वादकाला कर्ता ठरवण्याचा हा आग्रह म्हणजे जुन्या व्यक्तिवादाचेच पुनरागमन नव्हे काय? संगीतकाराच्या जागी वादकाचा पुतळा उभा केल्याने काय साधेल? आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर पुतळ्यात नाही. बार्थनेच एका निबंधात ऐकण्याचे संगीत आणि वाजवण्याचे संगीत असा भेद केला. वाजवण्याचे संगीत हाताचे, स्नायूंचे असते हे त्याचे निरीक्षण. वाचक संहिता पूर्ण करतो हा सिद्धांत ज्यांनी स्वीकारला त्यांना वादक संहिता पूर्ण करतो हे नाकारता येणार नाही. लोकधुनेपाशी वादकाला न लिहिलेली चाल मिळते आणि बरोक संहितेत अपुरी लिहिलेली. दोन्ही ठिकाणी उरलेले काम तोच करतो. म्हणून 'अलबेला'साठी वाजवणारा चिक आणि लाइपझिगमध्ये वाजवणारा राइखे हे एकाच प्रकारचे काम करणारे कलावंत ठरतात. एकाला अनुकरणकार आणि दुसऱ्याला आज्ञापालक म्हणणे ही त्या कामाच्या स्वरूपाविषयीची अनभिज्ञता आहे. कर्तृत्व वाटले गेलेले असते, एवढेच येथे म्हणायचे आहे. आणि वाटणीत ज्याचा हिस्सा बुडाला त्याचे नाव घेणे म्हणजे व्यक्तिपूजा नव्हे.

'फ्यूजन'चा उत्सव करणाऱ्यांकडून दुसरा आक्षेप येईल: आता सगळ्या सीमा पुसल्या आहेत, मग तक्रार कशाची? सीमा पुसल्या हे जाहिरातीचे वाक्य आहे. तुतारी दोन मिनिटे वाजते, पाहुणे स्थानापन्न होतात, आणि मग ज्याला कार्यक्रम म्हणतात तो सुरू होतो. तुतारीवाल्याचे नाव पत्रिकेत नसते. ज्या सहकार्यात एकाला स्वर लावायलाही वेळ मिळत नाही ते सहकार्य नाही, ती सजावट आहे. 'साज' हा शब्द फिरून तेथेच येतो.

७

या विवेचनातून काही आग्रह निघतात आणि ते स्पष्ट शब्दांत मांडले पाहिजेत. लोकसंगीतावरील प्रबंधात वाद्य, त्याची स्वरमर्यादा आणि ते वाजवण्याचे तंत्र यांचे वर्णन नसेल तर तो प्रबंध अपुरा मानला जावा. चित्रपटगीतावर लिहिताना गीतकार आणि संगीतकार यांच्या जोडीने संयोजक व प्रमुख वादक यांचा शोध हा संशोधनाचाच भाग मानला जावा. ध्वनिमुद्रिका, वादकांची कथने आणि उरलेली हस्तलिखित स्वरपत्रे ही साधने वाङ्मयीन हस्तलिखितांइतकीच मोलाची आहेत आणि ती अधिक वेगाने नष्ट होत आहेत. 'लोकप्रेरित' हा शब्द वापरणाऱ्याने कोणत्या लोकांकडून, कोणाच्या मध्यस्थीने आणि कोणत्या मोबदल्यात, या तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत. देता येत नसतील तर शब्द मागे घ्यावा. मराठवाड्यातल्या गावागावांत तुतारी वाजवणारे जे वादक आज हयात आहेत त्यांचे वादन आणि त्यांचे बोलणे, त्यांच्या संमतीने आणि नावानिशी नोंदले जावे. हे काम एखाद्या विद्यापीठीय विभागाला परवडणार नाही इतके खर्चिक नाही.

आणि शेवटी केशवसुतांच्या कवितेकडे. ती शिकवताना एकदा वर्गात खरी तुतारी आणावी आणि ती वाजवणाराही बोलवावा. त्याने ती फुंकावी, मग कोणत्याही विद्यार्थ्याने फुंकून पाहावी. पहिल्या प्रयत्नात बहुधा वाऱ्याखेरीज काही बाहेर पडणार नाही. प्राण ओतणे हा वाक्प्रचार किती शब्दशः घ्यायचा असतो, हे कोणत्याही टीकाग्रंथाच्या आधी त्या वेळी कळेल. त्या तासाचे मानधन पाहुण्या व्याख्यात्याला देतात तेवढेच द्यावे आणि नोंदवहीत वादकाचे पूर्ण नाव लिहावे.